थोरलीला जोड

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आई अभंग म्हणता म्हणता मध्येच थांबली. अंतरा संपवून ती खाली उतरत होती, मी नेहमीसारखी गिटारीवर साथ करत होते. मला वाटलं, शब्द विसरली असेल. मी वाजवत राहिले, ध्रुवपदाची जागा परत आली, तरी ती गप्पच.

“काय झालं गं?”

“काही नाही. तू वाजव, मी ऐकते.”

“म्हण की. आत्ता किती छान लागला होता आवाज.”

“लागला असेल. मला कुठं ऐकू येतोय? तुझ्या गिटारीत मी मला सापडतच नाही.”

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. डाळ शिजली नाही, एवढ्या साधेपणानं बोलली आणि उठून कंदिलाची वात बघायला गेली. मी मात्र गिटार मांडीवर धरून तशीच बसून राहिले. वीस-पंचवीस वर्षं जिच्याशिवाय मला दिवस मावळल्यासारखा वाटत नाही, ती माझी गिटार माझ्या आईला झाकून टाकत होती, आणि हे मला ऐकूही आलं नव्हतं.

आईचं वय शहात्तर. तरुणपणी सांगलीच्या गावभागातल्या भजनी मंडळात ती काळी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायची. आवाज पहाटेच्या दूधवाल्याच्या घंटीसारखा, दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. साठीनंतर पट्टी काळी चारवर आली आणि गेली दोन-तीन वर्षं पांढरी पाच. म्हणजे तीन पट्ट्या खाली. आवाज उतरला तसा बारीकही झाला. सूर मात्र तिळभर हललेला नाही. मिरजेच्या तंबोऱ्यावर कान तयार झालेली बाई आहे ती. लहानपणी आजोबांचं बोट धरून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ चालणारं गाणं तिनं रात्र रात्र ऐकलेलं आहे.

गिटारीबद्दलही सांगायला हवं. आमच्याकडे तिला थोरली म्हणतात. पूर्वी नुसतीच ‘गिटार’ होती, थोरली हे नाव तिला अलीकडे मिळालं. १९९९ साली बाबांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचा पुतण्या परदेशी निघाला होता, त्याच्याकडून ती घेतली. जपानी बनावटीची, ड्रेडनॉट आकाराची. रुंद खांद्यांची, कमरेला फारशी न आवळलेली, खोल पोटाची. ड्रेडनॉट ही मुळात १९०६ सालची ब्रिटिश युद्धनौका. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं एका दुकानासाठी हा मोठा आकार पहिल्यांदा घडवला आणि त्याला त्या जहाजाचं नाव मिळालं. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाबांना तर गिटारीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांनी तिला उलटी केली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “शिसव आहे. घेऊन टाकू. शिसव फसवत नाही.”

आमच्या घरात पणजोबांच्या वेळचा शिसवी पलंग आहे, त्यावरून त्यांनी निकाल दिला. पुढं कधीतरी मला कळलं, की ब्राझीलनं १९६०च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडचे शिसवीचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा मार्टिनसारख्या कारखान्यांनी भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. आपल्या पश्चिम घाटातलं झाड जगभरच्या गिटारींच्या पाठीला जाऊन बसलं. हे बाबांना सांगायचं राहून गेलं. त्यांना फार आवडलं असतं.

थोरलीचा आवाज कसा आहे? खालच्या तारा छेडल्या की आधी पोटाला कळतं, मग कानाला. वरच्या तारांना एक झिलई आहे, स्वर संपला असं वाटतं तेव्हा त्याची आस अजून हवेत असते. स्प्रूस लाकडाच्या तबलीचा, म्हणजे समोरच्या फळीचा, मूळचा पांढुरका रंग आता जुन्या तुपासारखा पिवळा झालाय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून कल्पना करावी. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. गिटार माळ्यावर होती, पाणी तिला शिवलं नाही, पण तीन आठवडे ती त्या ओल्या, कुबट घरात कोंडून पडली. पेटी उघडली तेव्हा तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मागच्या बाजूनं उचकटलेली, तबलीला पोट आलेलं, बाराव्या पडद्यावर तारा चार मिलिमीटर वर. मी तिला घेऊन पहिल्यांदा मिरजेला गेले ती तेव्हा. तंबोरे घडवणारे एक वयस्कर कारागीर. मी त्यांना चाचा म्हणते, इथं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी घोडी पूर्ण सोडवली, जागा खरवडून स्वच्छ केली, सरस लावून शिकंजात आवळली आणि आठ दिवस मला तिच्याकडे फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी तार छेडली आणि मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले.

अशा गिटारीला दुसरी आणायची म्हणजे मला आतून अपराधी वाटत होतं. शिवाय एकदा मी ते करूनही बसले होते. २०१६ मध्ये, बोनस हातात असताना, दहा-बारा परीक्षणं वाचून एक दुसरी गिटार मागवली होती. वाईट नव्हती ती. मोठीच, शिसवीच्या पाठीची, जरा जास्त चकचकीत, जरा जास्त खणखणीत. दोन महिने मी दोन्ही आलटून पालटून वाजवल्या आणि मग हात आपोआप थोरलीकडेच जायला लागला. नवी कोपऱ्यात धूळ खायला लागली. शेवटी तासगावच्या भाच्याला देऊन टाकली, त्याच्या हातात ती सुखात आहे. ती का नकोशी झाली याचं उत्तर मला आठ वर्षं सापडलं नव्हतं. ते मिरजेत सापडलं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी गेले. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर, पण सतारमेकरांच्या त्या गल्लीत शिरलं की चाल आपोआप मंद होते. दारादारांत भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते, खायचे नव्हेत, जाड सालीचे, वाद्यासाठीच वाढवलेले. तुणाच्या लाकडाचा लालसर भुसा, सरसाचा वास, लाखेचा वास, आणि कुठल्या तरी आतल्या खोलीतून एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीतल्या लोकांना ते फार उशिरा मिळाल्यासारखं वाटतं. दीडशेहून अधिक वर्षं हे काम इथं चाललंय.

चाचा जवारी लावत होते, म्हणजे तंबोऱ्याची तार झंकारावी म्हणून घोडी घासत होते. घोडीच्या पाठीवरून कानस अगदी हलके दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. मध्ये बोलायचं नसतं. अर्ध्या तासानं त्यांनी मान वर केली.

“बसा की ताई. काय म्हणतीय तुमची लेक?”

थोरलीला ते माझी लेक म्हणतात.

“बरी आहे. चाचा, मला अजून एक गिटार घ्यायची आहे.”

“का? हिला काय झालं?”

मी आईचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हाताला लागलेला भुसा झटकला.

“म्हणजे जोड पाहिजे म्हणा की.”

“हो, जोडच.”

“मग कुठली जोड पाहिजे ते ठरवा आधी. तंबोऱ्याची का तबल्याची?”

मी बघतच राहिले. मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. तिथं तंबोऱ्यांची एक जोडी भिंतीला टेकून उभी होती, गवयाला द्यायची. दोन्ही भोपळ्यांचा घेर सारखा बघून घेतलेला, दोन्ही दांड्या एकाच लाकडातल्या, रंगसुद्धा एकाच बसणीत दिलेला. गवई मध्ये बसतो, मागं दोन्ही बाजूंना तंबोरे. कुठला स्वर कुठून आला हे त्याला कळता कामा नये. एकाची आस संपायच्या आत दुसऱ्यानं उचलायचं. “ह्यात जरा जरी फरक पडला तर जोडी परत येते आमच्याकडं,” ते म्हणाले.

“आणि तबल्याची?”

“तबला लाकडाचा, डग्गा तांब्याचा. एक वर बोलणार, एक खाली. शाईसुद्धा एकाची मधोमध आणि दुसऱ्याची एका अंगाला. दोन डग्गे घेऊन कोण बसतं काय वाजवायला?”

भाच्याला दिलेली ती गिटार डोळ्यांसमोर आली. मी आठ वर्षांपूर्वी दुसरा डग्गा विकत घेतला होता.

निघताना चाचांनी थोरलीच्या तबलीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, “आईंची पट्टी कुठली म्हणालात? पांढरी पाच? मग हिचा काय दोष. ही तिथंच बोलती.”

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ‘तिथंच बोलती’ म्हणजे नेमकं कुठं, हे मोजल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. घरी येऊन सगळ्या तारा बोटांनी दाबून धरल्या, घोडीजवळ टकटक केलं आणि फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये आलेख बघितला. सगळ्यात उंच टेकडी १०० हर्ट्झच्या आसपास. गिटारीच्या पोटातली हवा आणि वरचं भोक मिळून एखाद्या मडक्यासारखं काम करतात. मडक्याच्या तोंडावर फुंकर मारली की त्याचा म्हणून एक ठरलेला स्वर येतो, तसा प्रत्येक गिटारीलाही एक असतो. ड्रेडनॉटचं पोट मोठं म्हणून तो स्वर खाली. आता पांढरी पाचचा खर्ज, म्हणजे खालचा सा, किती? ९८ हर्ट्झ. म्हणजे मी आईच्या साथीला खालचा सा धरला, की बोटानं छेडलेल्या तारेबरोबर थोरलीचं सगळं पोट एकदम गर्जून उठायचं, आणि त्या घुमाऱ्याखाली आईचा बारीक आवाज जायचा.

मग लक्षात आलं की पूर्वी असं का होत नव्हतं. आई काळी पाचमध्ये गायची तेव्हा मी तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून वाजवायचे. तेव्हाचा खर्ज ११६ हर्ट्झच्या पुढं, घुमाऱ्याच्या जागेपासून लांब. थोरली जराशी सडसडीत वाजायची, आईचा आवाज मोठा होता, दोघींचं छान जमायचं. गेल्या काही वर्षांत आई एकेक पट्टी खाली उतरत आली, कॅपो एकेक पडदा मागं आला आणि शेवटी पेटीत जाऊन पडला. आई उतरता उतरता नेमकी तिथं येऊन पोहोचली जिथं थोरली सगळ्यात जोरात बोलते. यात कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. हे आकडे वहीत लिहून झाल्यावर मला फार हलकं वाटलं.

आता काय हवं ते कळलं होतं. लहान पोटाची. महोगनीची, कारण शिसवीच्या पाठीत खालचा खर्ज आणि वरची झिलई दोन्ही भरपूर असतात आणि मधला पट्टा, जिथं माणसाचा आवाज राहतो, तिथंही त्या झिलईचा पदर येतो. महोगनी कोरडी वाजते. छेडलं तेवढंच बोलते, मागं फार रेंगाळत नाही. असं सगळे म्हणतात. लाकडाच्या जातीनं किती फरक पडतो आणि आकारानं, घडणीनं किती, यावर वाद आहेत आणि माझ्या मते आकाराचा वाटा मोठा आहे. पण माझ्याकडे शिसव होतीच. दुसऱ्यांदा तेच लाकूड कशाला?

डिसेंबरात एका शनिवारी सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं पुण्याला गेले. थोरलीला बरोबर घेतलं. गर्दीत तिची पेटी सांभाळणं सोपं नव्हतं, पण आठवणीतल्या आवाजाशी तुलना करण्यात अर्थ नसतो. दोन दिवस आधी तिला नव्या तारा घातल्या होत्या, कारण दुकानातल्या गिटारींना बहुधा ताज्या तारा असतात आणि ताज्या तारांची चमक कुठल्याही गिटारीला तासाभरासाठी सुंदर करते. जुन्या तारांची घरची गिटार तिच्याशेजारी उगाच म्हातारी वाटते. जो कुणी दुसरी गिटार घ्यायला निघाला असेल त्यानं एवढं तरी जरूर करावं.

दुकानातल्या मुलानं आधी एक मोठी काढली. किंमत ऐकून मी बिचकले, तरी वाजवली. थोरलीच, पण भरल्या घरची. खर्ज आणखी खोल, वरच्या तारा आणखी झळझळीत. दहा मिनिटं मी सगळं विसरून वाजवत होते. मग खाली ठेवली. तंबोऱ्याची जोड.

दुसरी ऑर्केस्ट्रा मॉडेल होती. हा आकार १९२९ सालचा. बँजो वाजवणाऱ्या एका वादकाच्या मागणीवरून निघाला, म्हणून दांडी लांब, चौदा पडदे अंगाच्या बाहेर. खालचा घेर पंधरा इंच, ड्रेडनॉटपेक्षा पाऊण इंचाहून थोडा कमी, पण पोटाची खोली बरीच कमी. एकेक तार मोत्यासारखी वेगळी. एकच गिटार घ्यायची असती तर मी हीच घेतली असती, आजही माझं हेच मत आहे. सगळं थोडं थोडं करणारी, कुठंही कमी न पडणारी. पण थोरलीशेजारी ठेवली तर निम्मं काम दोघींचं एकच.

इथं मी एक चूक करणार होते. आईला फोन लावला आणि दोन्ही ऐकवल्या. “दोन्ही चांगल्या आहेत की,” ती म्हणाली. मग गंमत म्हणून थोरली ऐकवली. “हीसुद्धा चांगली आहे. ही घे.” फोनच्या इवल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झचा खर्ज जवळजवळ येतच नाही, थोरलीचा सगळा घुमारा पुण्यातच राहिला आणि सांगलीत पोहोचली ती एक बारीक, शहाणी गिटार. फोनवर ऐकून आईनं निवडली असती तर मी थोरलीच दुसऱ्यांदा विकत घेतली असती.

मग दुसरा उपाय सुचला. आईसारखं गायला मला येत नाही. पण ती गाते तेवढ्या हळू मला गुणगुणता येतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे आवाज परत माझ्याकडे येईल, आणि तिचा अभंग तिच्या पट्टीत, तिच्याएवढ्या बारीक आवाजात म्हणत एकेक गिटार वाजवायला लागले. नियम एकच: वाजवताना माझा आवाज नकळत वाढला, तर ती गिटार नको. मोठ्या गिटारीवर दुसऱ्याच ओळीला वाढला. ऑर्केस्ट्रा मॉडेलवर ध्रुवपदापर्यंत टिकला, अंतऱ्यावरून उतरताना वाढला. मुलगा गप्प उभा राहून ऐकत होता. चौथ्या गिटारीनंतर तो म्हणाला, “मॅडम, एक आतमध्ये आहे. पण तिचा आवाज लहान आहे. लोक घेत नाहीत.”

ती आणली. लहान अंगाची, गोल खांद्यांची, बारा पडद्यांवरच दांडी अंगाला मिळणारी, जुन्या घाटाची. पाठ, कडा महोगनीच्या आणि तबलीसुद्धा महोगनीची, तपकिरी, बिनचकाकीची. बारा पडद्यांच्या घाटात घोडी खाली सरकते, तबलीच्या रुंद भागाच्या मधोमध येऊन बसते. त्यामुळे आवाज लहान असला तरी गोल येतो, टोकदार येत नाही. पहिली तार छेडली आणि मला वाटलं, ही गिटार बोलायच्या आधी समोरच्याचं ऐकून घेते. अभंग सुरू केला. अंतरा झाला, उतरले, ध्रुवपद आलं, पुन्हा अंतरा. आवाज तिथंच होता. मी वाढवला नव्हता. खालचा सा वाजत होता, पण पायाखालच्या फरशीसारखा. आहे हे कळत होतं, वर येत नव्हता.

आणखी तासभर मी तिच्यात खोट शोधत बसले. पडदे तपासले, दांडीची सरळ रेषा बघितली, सहाव्या तारेवर जोरात मारलं तर ती दबून गेली. मोठ्यानं वाजवायची ही नव्हेच. हीच तिची खोट आणि हेच तिला घेण्याचं कारण. मनात धरलेल्या रकमेपेक्षा चार हजार जास्त गेले.

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस मी तिला नेहमीच्याच सुरावटीत ठेवली. आईनं ऐकलं, मान डोलावली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाकी ठीक आहे. गंधार चढा लागतो.”

हे ती थोरलीबद्दलही वर्षानुवर्षं म्हणत आलीय. खरं आहे. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. पण त्या सोयीची किंमत गंधार देतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार आणि पडद्यावरचा गंधार यांत १४ सेंटांचा फरक पडतो, म्हणजे दोन शेजारच्या पडद्यांमधल्या अंतराच्या सातव्या भागाएवढा. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो फरक खड्यासारखा लागतो.

तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पण दोन गिटारी घरात असण्याचा खरा फायदा इथं होता. थोरली सगळ्या कामांची, तिची सुरावट बदलता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात चाळीस पोरं एकदम गायला लागली की तीच लागते. धाकटी मात्र फक्त आईची होती. मग तिला कायमचं आईच्या सुरात का लावू नये? सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवली. आता मोकळ्या तारा पंचम, षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम अशा बोलतात. गंधाराची तार मोकळी, तिच्यावर पडद्याची सक्ती नाही. ती हवी तेवढी उतरवता येते.

एक अडचण आली. बारा पडद्यांच्या या गिटारीची तार २४.९ इंचांची, थोरलीची २५.४. तेवढ्यानंच त्याच स्वराला ताण चार टक्के कमी. त्यात तार एक स्वर उतरवली की आणखी वीस टक्के घटतो. खालच्या तारा लोंबायला लागल्या, पडद्यांवर खुळखुळायला लागल्या. जाड तारा घातल्या, पहिली ०.०१३ पासून सहावी ०.०५६ इंचापर्यंतचा संच, आणि तिला घेऊन मिरजेला गेले. चाचांनी सॅडलखाली, म्हणजे घोडीवरच्या तारा टेकतात त्या पट्टीखाली, हाडाची पातळ चकती सरकवली, दोन खाचा कानसल्या. मग तबलीवर नख दाबलं, वास घेतला. “हे तर आमच्या तुणासारखं आहे की हो.” घरी येऊन बघितलं: तूण, महोगनी आणि आपला कडुनिंब, तिन्ही एकाच कुळातली झाडं. कारखान्यातून आलेल्या लाकडाला त्यांनी नखानं ओळखलं होतं.

उन्हाळ्यात सांगलीची हवा कोरडी होते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते, त्याची काळजी दोघींचीही सारखीच घ्यावी लागते. पेटीत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, पन्नास टक्क्यांच्या आसपास काटा. पुरानंतर हे मी कधीच चुकवत नाही.

माघातल्या एका संध्याकाळी आईनं आपला तंबोरा काढायला सांगितला. तिला आता तो उभा धरवत नाही, मांडीवर आडवा घेतला. मी धाकटीच्या तारा त्याला मिळवत गेले. शेवटी गंधाराची तार. तंबोऱ्याच्या खर्जात ४९० हर्ट्झवर जो बारीक गंधार ऐकू येतो, त्याच्याशी माझ्या तारेचा दुप्पट, ४९४ हर्ट्झवरचा स्वर भांडत होता. सेकंदाला चारेक हेलकावे. खुंटी केसभर फिरवली. तीन. आणखी केसभर. दोन. एक लांबलचक हेलकावा, मग तोही नाही. आईनं डोळे मिटले होते, ते तसेच ठेवून तिनं तंबोरा बाजूला सारला आणि गायला सुरुवात केली.

अंतऱ्यावरून ती उतरायला लागली. पूर्वी ती ही ओळ एका दमात म्हणायची. आता दम पुरत नाही, म्हणून ओळीच्या मध्ये श्वास घेते, हे मला माहीत होतं. पण श्वास घेण्याआधी ती एक इवलीशी मुरकी ठेवते, गंधारावरून रिषभाला शिवून परत, जणू ओळ तिथं मुद्दाम थांबवलीय असं वाटावं म्हणून. ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

“ही मुरकी कधीपासून घेतेस?”

“कुठली?”

मी धाकटीवर वाजवून दाखवली.

“ती होय. दोन-तीन वर्षं झाली असतील. दम तुटतो ना.”

मी काही बोलले नाही. ती पुन्हा तीच ओळ म्हणाली, या वेळी मुरकी जरा ठसठशीत. मी त्या जागेवर हात थांबवला. ती जागा आता तिची. अभंग संपल्यावर तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले, भिंतीवरच्या थोरलीकडे बघितलं.

“उद्या एकादशी. मंडळातल्या पंधरा-वीस बायका येतील,” ती म्हणाली. “टाळ असतील, पखवाज असेल. तेव्हा थोरली काढ. हिचं काही चालायचं नाही त्यात.”